आंधळी उचल

साइटवर त्याला सगळे ढगोबा म्हणत. खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असेल, बाकी कुणाला त्याची कधी गरज पडली नाही. सकाळी सातला एकशे ऐंशी पायऱ्यांची शिडी चढून हा बाबा क्रेनच्या केबिनमध्ये जाऊन बसला की दुपारच्या जेवणालाच खाली उतरायचा, आणि ताटावरून उठला की पुन्हा वर. अशी एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यानं एक ओझं आपटलं नव्हतं, की कुणाच्या बोटाला चिमटा बसू दिला नव्हता. आणि हे तो स्वतःच्या तोंडानं सांगायचा नाही असं मुळीच नाही. चांगला ऐकवायचा! नवा इंजिनिअर आला की पहिल्याच दिवशी ऐकवायचा.

खाली त्याचा जोडीदार होता भोंगा. सिग्नल देणारा. वयानं ढगोबाहून दोन वर्षांनी लहान, अंगानं काडी, पण आवाज असा की वॉकीटॉकी बंद पडली तरी काम अडू नये. इमारतीच्या पलीकडच्या बाजूला काही ठेवायचं असलं की वरून ढगोबाला ते दिसायचं नाही. मग भोंगा बोलायचा आणि ढगोबा त्याच्या आवाजावर दांडे हलवायचा. "खाली, खाली, खाली… हळू… डावीकडे… अजून जरा… खाली, खाली…" आणि ओझं जागेवर बसलं की एकच शब्द यायचा, "टेकलं." ह्याला ते आंधळी उचल म्हणत.

आंधळ्या उचलीचा नियम एकच. ओझं हलतंय तोवर आवाज चालू राहिला पाहिजे. आवाज थांबला की क्रेन थांबते. का थांबला, कशानं थांबला, हे नंतर. एकदा भोंग्याला शिंका लागल्या, एकामागून एक सात, आणि दोन टनांची तुळई हवेत तश्शीच लटकत राहिली. सगळी साइट पोट धरून हसली. ढगोबा मात्र हसला नाही. त्यात हसण्यासारखं काय आहे हेच त्याला कळेना.

तर अशा ह्या माणसाला हल्ली सकाळी दहाला खाली उतरावं लागायला लागलं.

क्रेनवरची माणसं पाणी बेतानंच पितात. वर सोय कुठली असणार? ढगोबानं आधी सकाळचा चहा तोडला, मग पाणी अर्ध्या ग्लासावर आणलं. तरी दहाला उतरायचं, पुन्हा साडेअकराला उतरायचं, आणि उतरून करायचं काय, तर तिथं उभं राहून वाट बघायची. जेमतेम चार थेंब, की पुन्हा एकशे ऐंशी पायऱ्या. खालची पोरं ओरडायची, "ढगोबा, ढग फुटला का?" हाही वरून दोन शिव्या हासडायचा. पण शिव्यांत पूर्वीचा जोर राहिला नव्हता. वय झालं, पाणी कमी पडतं, थंडी आहे, अशी कारणं तो स्वतःलाच देत होता.

बायको पोस्टात टपाल लावायची. वेडीवाकडी अक्षरं वाचण्यात जन्म गेलेली बाई, तिच्यापुढे ह्याचं काय चालणार?

"अहो, काल पाच वेळा उठलात," एका सकाळी ती म्हणाली. "परवा चार वेळा. मी मोजतेय."

"तू झोपत नाहीस का?"

"तुम्ही झोपू द्याल तर ना! मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. चपला घाला."

"आणि क्रेन?"

"क्रेन काय पळून जातेय? चला म्हणते ना."

मग रक्ताची तपासणी झाली. तिच्यात पीएसए नावाचा एक आकडा असतो, तो चारच्या आत असता तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. ह्याचा निघाला चौदा. मग मोठ्या नळीसारख्या मशीनमध्ये घालून फोटो काढले. मग सुईनं बारा ठिकाणचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. ते कुठून काढले हे ढगोबानं आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, आपणही विचारू नये. शेवटी हाडांचा फोटो. ह्या सगळ्यात तीन आठवडे गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. त्यांनी कागदावर चित्र काढलं. ही मूत्राशयाची पिशवी, ही तिच्यातून निघणारी नळी, आणि पिशवीच्या खाली नळीला वेढून बसलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी. हिला प्रोस्टेट म्हणतात. सगळ्या पुरुषांना असते, वयाबरोबर वाढते, वाढली की नळी दाबते.

"तुमची वाढलीच आहे, त्रास बहुतेक त्याचाच. पण आत कॅन्सरही सापडलाय."

बायकोनं त्याचा हात धरला. ढगोबानं चित्राकडे बघितलं आणि एकतीस वर्षांत प्रत्येक ओझ्याआधी विचारलेला प्रश्न विचारला.

"वजन किती हिचं?"

डॉक्टरीणबाई क्षणभर गडबडल्या. मग फाइल चाळून म्हणाल्या, "अं… पंचेचाळीस ग्रॅम."

"बघ," ढगोबा बायकोला म्हणाला. "आठ टन उचलणाऱ्याला पंचेचाळीस ग्रॅमनं खाली उतरवलं."

आणि मग त्याला रडू आलं. बायको हात धरून बसली.

बाईंनी त्याला सावकाश रडू दिलं आणि मग समजावलं. कॅन्सर ग्रंथीच्या आतच आहे, हाडांत गेलेला नाही, म्हणजे वेळेत सापडलाय. काही जणांचा इतका हळू वाढतो की नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. "तुमचा तसा नाही. ह्याला उपचार लागतील, आणि ते बरं करण्यासाठीच करायचे." रस्ते दोन. एक, ऑपरेशन करून ग्रंथी काढून टाकायची. दुसरा, किरणांचा उपचार, वीस दिवस, आणि जोडीला सहा महिने हार्मोनची इंजेक्शनं. तुमच्या बाबतीत दोन्हींचा गुण सारखाच. ऑपरेशननंतर काही महिने लघवी गळू शकते. किरणांत लघवीला जळजळ होते, घाई होते, थकवा येतो, आणि इंजेक्शनांनी अंगातून वाफा निघतात. नवराबायकोच्या संबंधावर दोन्हींचा परिणाम होऊ शकतो. हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ढगोबा छताकडे बघत होता. बायको मात्र म्हणाली, "ते आमचं आम्ही बघू. माणूस राहतोय ना?"

"मी पुन्हा वर कधी जाणार?" ढगोबानं विचारलं.

"आधी बरे व्हा. मग बघू."

आता खरं सांगायचं तर ह्या 'बघू'नंच त्याची झोप उडाली. त्याला बरं व्हायचं होतंच. पण नुसतं बरं होऊन काय करायचं? त्याला वर जायचं होतं, आणि तो वर बसला की खालच्यांनी पूर्वीसारखंच मान वर करून बघायला हवं होतं. मागे एकाच्या छातीत कळ आली, तर त्याला फाटकावर बसवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदी करायला. ढगोबाला ते फाटक दिसायला लागलं. त्यातून दुखणं असल्या जागेचं! चार टवाळ पोरं काय काय बोलतील ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. त्यानं बायकोकडून वचन घेतलं, साइटवर कुणाला कळता कामा नये.

"भोंग्यालाही नाही?"

"त्याला तर नाहीच नाही. त्याला सांगणं म्हणजे गावाला सांगणं."

मग भोंग्याला सांगितलं की पाठ गेलीय. भोंग्याचा लगेच विश्वास बसला. बिचारा दुसऱ्याच दिवशी घरी पाठीला बांधायचा पट्टा घेऊन हजर. त्याच्या मेव्हण्याला ह्यानंच गुण आला होता म्हणे. कसा बांधायचा, किती आवळायचा, हे त्यानं तासभर स्वतःच्या कमरेला बांधून दाखवलं. ढगोबा मान डोलावत राहिला. तो गेल्यावर पट्टा दाराच्या मागे लटकवला, आणि त्या दिवसापासून तो पट्टा दिसला की ढगोबाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उपचाराआधी ग्रंथीत सोन्याचे तीन दाणे बसवले. तांदळापेक्षाही बारीक. रोज फोटो काढून हे दाणे जागेवर आहेत का बघायचे आणि मगच किरण सोडायचे. हे ढगोबाला एका दमात समजलं. खूण केल्याशिवाय ओझं कुठं ठेवतात का? दुसरी अट पाण्याची. आधी तीन ग्लास पाणी प्यायचं आणि पाऊण तास धरून ठेवायचं. मूत्राशय भरलेलं असलं की ते आणि आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला सरकतात. एकतीस वर्षं पाणी तोडून जगलेल्या माणसाला ही शिक्षाच होती, पण त्यानं ती तोंडातून ब्र न काढता भोगली.

मशीनवर एक पोरगी होती. कपाळावर आठ्या, कामात चोख. तिनं त्याला टेबलावर झोपवलं, पाय साच्यात ठेवले, दिव्याच्या रेषा जुळवल्या.

"काका, आता मी बाहेर जाणार. तुम्ही एकटेच असाल, पण मला कॅमेऱ्यात दिसत राहाल. अजिबात हलायचं नाही. काही झालं तर हात वर करा."

दार बंद झालं. मग छताच्या कोपऱ्यातून तिचा आवाज आला. "फोटो घेतेय… थोडं टेबल सरकवतेय… छान… अजून थोडं… सुरू करतेय हं." ढगोबाला एकदम बरं वाटलं. त्याला काही दिसत नव्हतं, पण आवाज होता. ही तर आंधळी उचलच की! फरक एवढाच, की आज ओझं तो स्वतः होता. मशीनचा भला मोठा हात गुणगुणत त्याच्याभोवती फिरायला लागला.

आणि आवाज थांबला.

ढगोबानं वाट बघितली. एक श्वास. दोन श्वास. हात फिरतोय आणि कुणी बोलत नाही! त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. एकतीस वर्षांच्या सवयीनं त्याचा उजवा हात आपोआप वर गेला आणि तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "थांबव! थांबव!"

मशीन बंद झालं. पोरगी धावत आत आली, चेहरा पांढराफटक. "काय झालं? दुखतंय? छातीत काही होतंय?"

"तुझा आवाज थांबला."

"काय?"

"आवाज थांबला की थांबवायचं असतं."

तिनं कमरेवर हात ठेवले. "काका! माझं बोलून झालं होतं, म्हणून मी गप्प बसले. तुम्ही हललात. आता पुन्हा फोटो, पुन्हा सगळं पहिल्यापासून. बाहेर आठ माणसं पोट फुगवून बसलीत, त्यांनी किती वेळ धरायचं?"

ढगोबा टेबलावर उताणा, पाय साच्यात, अंगावर चादर. अशा अवस्थेत त्यानं तिला आंधळी उचल समजावून सांगितली. ओझं हलतंय तोवर बोलायचं. तेच तेच बोललं तरी चालेल, पण थांबायचं नाही. आठ्या जरा सैल झाल्या. ती बाहेर गेली, आणि मग कोपऱ्यातून आवाज आला, जरा लाजत, जरा चिडून. "चालू आहे, काका. चालू आहे. उजवीकडून फिरतंय. चालू आहे. अर्धं झालं. चालू आहे…" ढगोबा दगडासारखा पडून राहिला.

पुढचे दिवस तो इतका स्थिर झोपायचा की पोरगी दुसऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायला लागली. "त्या क्रेनवाल्या काकांकडून शिका जरा!" हे त्याच्या कानावर आलं तेव्हा छाती इंचभर फुगली. तसा त्रास कमी नव्हता. तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला आग व्हायची, दुपारी अंगातली सगळी ताकद कुणी काढून नेल्यासारखं व्हायचं, आणि भर थंडीत अंगातून वाफा निघायच्या. बायको टपालाच्या पुठ्ठ्यानं वारा घालायची आणि म्हणायची, "आता कळलं? माझी पाळी जाताना मला काय व्हायचं ते?" तो म्हणायचा, "कळलं गं बाई, कळलं." पण एक दिवसही चुकवला नाही.

विसाव्या दिवशी मशीन थांबलं आणि कोपऱ्यातला आवाज म्हणाला, "टेकलं, काका." हा शब्द त्यानंच तिला शिकवला होता. बाहेर आल्यावर त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चौथ्या महिन्यात रक्ताचा आकडा चौदावरून शून्य पूर्णांक एकवर आला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. तपासण्या काही वर्षं चालूच राहतील हेही त्यांनी बजावलं. कंपनीच्या डॉक्टरांनी सगळे कागद बघितले, जिना चढायला लावला, उतरायला लावला आणि सही केली. साइटवर मात्र एवढंच माहीत, की ढगोबाची पाठ बरी झाली.

पहिल्या दिवशी एकशे ऐंशी पायऱ्या चढायला त्याला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला. तीनदा थांबला. खाली सगळे माना वर करून उभे होते. केबिनचं दार उघडलं तेव्हा खालून शिट्ट्या झाल्या, आणि खुर्चीत बसून त्यानं दोन्ही दांड्यांवर हात ठेवले तेव्हा डोळे भरून आले. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. नाव शाबूत, जागा शाबूत.

"आलास का रे म्हाताऱ्या?" वॉकीटॉकीत भोंगा गरजला. "तुझ्या जागी आलेला तो शहाणा माझ्या आवाजाला कानात बोळे घालायचा! चल, वर, वर, वर…"

पहिली उचल झोकात झाली. दुसरी चालू असताना भोंगा मध्येच म्हणाला, "थांब, आलोच." ओझं लटकलं. ढगोबानं वरून बघितलं, तर भोंगा कडेच्या संडासाकडे पळत होता. बराच वेळ आला नाही. तासाभरात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पळाला तेव्हा वॉकीटॉकीवर कुणीतरी खिदळलं, "भोंग्याची टाकी गळतेय!" आणि पाच-सहा जण हसले.

ढगोबा हसला नाही. त्या सात शिंका सोडल्या तर कधी न थांबलेला हा माणूस एका सकाळी तीन वेळा गप्प झाला होता. किती महिने असं चाललं असेल? ह्यानंही चहा तोडला असेल, पाणी तोडलं असेल. आणि आपण? आपल्याला सगळं ठाऊक असून आपण ह्याला पाठीचं खोटं सांगितलं. दाराच्या मागचा पट्टा त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली. पण बोलायचं म्हणजे फाटक होतं, पोरं होती, आत्ताच परत मिळालेलं नाव होतं. त्यानं हुक रिकामा आहे ना ते नीट बघितलं, हात दांड्यांवरून काढले आणि बटण दाबलं. साइटवरच्या सगळ्या वॉकीटॉक्या एकाच लाइनवर असतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"ढगोबा बोलतोय. हुक रिकामा आहे, म्हणून बोलतोय. सगळ्यांनी ऐका. माझी पाठ दुखत नव्हती. मला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. लघवी अडायची, मी म्हटलं वय झालं. बायकोनं ओढून नेलं म्हणून सापडला. वीस दिवस मशीनखाली झोपलो. इंजेक्शनं अजून चालू आहेत, घाम फुटतो, दमायला होतं. आणि दमत दमत का होईना, आज एकशे ऐंशी पायऱ्या चढून मी इथे बसलोय. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ता हसून घ्या. आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरकडे जाऊन विचारा. बहुतेकांचं साधंच निघतं. पण विचारा. भोंग्या, तू पहिला. तुझा आवाज तीन वेळा थांबलाय."

त्यानं बटण सोडलं. कुणी बोलेना. खाली माणसं जिथल्या तिथं उभी. ढगोबाचे हात मांडीवर होते. आवाज नाही, तोवर क्रेन हलणार नव्हती.

बऱ्याच वेळानं खरखर झाली.

"तिथं मशीनखाली," भोंग्याचा आवाज जड होता, "कुणी बोलत होतं का तुझ्याशी?"

"होती एक पोरगी."

"बरी बोलायची?"

"तुझ्यापेक्षा बरी."

कुणीतरी फसकन हसलं, मग सगळेच हसले. पण हे हसणं वेगळं होतं.

"नालायका, माझा पट्टा परत दे," भोंगा म्हणाला. "सोमवारी जाऊ. आता उचल. वर, वर, वर…"

सोमवारी ढगोबा त्याला घेऊन गेला. पट्टाही घेतला होता बरोबर. वाटेत भोंगा चक्क गप्प होता. जन्मात पहिल्यांदा! बाकावर साइटवरचे आणखी चौघे आधीच येऊन बसले होते. सुतार, वेल्डर, आणि सळ्या बांधणारे दोघे. त्या दोघांतला एक तर परवा टाकीवरून खिदळलेलाच निघाला. ढगोबाकडे बघून त्यानं ओशाळून मान हलवली आणि सरकून जागा दिली.

भोंग्याचा नंबर आला. तो उठला, दारापर्यंत गेला आणि तिथंच थबकला. सुईला तो लहानपणापासून घाबरायचा.

"बोलत राहा रे," तो मागे न बघता म्हणाला.

दार बंद झालं. ढगोबा दाराला खेटून उभा राहिला आणि भरल्या दवाखान्यात, चारचौघांदेखत, मोठ्यानं सुरू झाला. "हळू… हळू… खाली… अजून जरा… मी आहे… खाली, खाली…"

टेबलामागची नर्स उठली. "अहो, काय चाललंय? आत नुसतं रक्त काढताहेत त्यांचं!"

"माहितीय, बाई," ढगोबा म्हणाला. "टेकेपर्यंत बोलावं लागतं. हळू… हळू…"

आणि मग आतून, दार आणि अख्खा दवाखाना हादरवत, भोंग्याचा आवाज आला.

"टेकलं!"

ढगोबानं पाठ ताठ केली आणि बाकावरच्या चौघांकडे बघितलं. "ऐकलंत?" तो म्हणाला. "हा माझा जोडीदार. चला, पुढचा कोण?"